टेनिस एल्बो : इंजेक्शनची घाई करू नका

"डॉक्टर, गोळ्या-बिळ्या नकोत. एक इंजेक्शन मारा की, उद्यापासून कामाला लागतो." कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय म्हणून आलेले बहुतेक पेशंट हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत बोलतात. कुणाच्या तरी शेजाऱ्याला इंजेक्शनने दोन दिवसांत गुण आलेला असतो. त्या शेजाऱ्याचं चार-सहा महिन्यांनी काय झालं, हे मात्र सहसा कुणी विचारलेलं नसतं.

आजचा लेख त्या चार-सहा महिन्यांबद्दल आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. टेनिस एल्बोसाठी कोपरात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन म्हणजे मुकादमाकडून घेतलेली उचल. हातात पैसे लगेच येतात, पण वसुली पुढे होतेच आणि घेतल्यापेक्षा जास्त होते. बहुतेक रुग्णांना या उचलीची गरज नसते. त्यांना गरज असते ती दुखणं नीट समजून घेण्याची, हात वापरण्याची पद्धत बदलण्याची आणि दोन-तीन महिने रोज पंधरा मिनिटं व्यायाम करण्याची.

नाव टेनिसचं, दुखणं कष्टाचं

टेनिस एल्बोचं निदान सांगितलं की पेशंट आधी हसतो. "मी आयुष्यात रॅकेट हातात धरली नाही, मला कसला टेनिस एल्बो?" प्रश्न रास्त आहे. गंमत म्हणजे १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने या दुखण्याचं वर्णन केलं, ते सतत लिहिणाऱ्यांच्या संदर्भात. तेव्हा आजचं लॉन टेनिस फारसं सुरूही झालेलं नव्हतं. पुढे इंग्लंडमध्ये त्या खेळाची लाट आली आणि १८८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात 'लॉन टेनिस आर्म' असा उल्लेख आला. तिथून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

आपल्याकडे ते घराघरांत पोहोचलं सचिन तेंडुलकरमुळे. ऑगस्ट २००४ मध्ये त्याच्या डाव्या कोपराने असहकार पुकारला आणि त्या काळात मला अगदी चहाच्या टपरीवरसुद्धा टेनिस एल्बोबद्दल विचारणा होत असे. सचिनची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, कारण तिच्यात एक महत्त्वाचा धडा आहे.

पण सोलापुरातला टेनिस एल्बो मैदानावर तयार होत नाही. तो यंत्रमागावर दिवसभर कांड्या बदलताना आणि टॉवेल-चादरींचे गठ्ठे उचलताना तयार होतो. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात जड कात्रीने कापडाचे थर कापताना तयार होतो. हजारी पुरी करण्यासाठी विड्यांची पानं कापणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या हातात तयार होतो. बचत गटाच्या कडक भाकरीची मोठी ऑर्डर आली की पीठ मळून मळून तयार होतो. आणि सर्वांत जास्त तयार होतो तो घरात. काही दिवसांआड नळाला पाणी येतं, त्या दिवशी पहाटे उठून बादल्या, कळशा, पिंप भरायचे आणि पाणी आलंच आहे म्हणून त्याच दिवशी चादरीही धुवायच्या. भिजलेली सोलापुरी चादर पिळून बघा, म्हणजे कोपरावर किती जोर येतो ते कळेल.

साधारण पस्तिशी ते पंचावन्न या वयात हे दुखणं जास्त दिसतं. ज्या हाताने आपण जास्त काम करतो, तोच हात बहुधा धरतो. तंबाखू-धूम्रपान आणि मधुमेह असेल तर टेंडनचं आरोग्य आधीच कमकुवत असतं, त्यामुळे बरं व्हायलाही वेळ लागतो.

कोपरात नेमकं काय बिघडतं?

हात सरळ समोर धरा, तळवा जमिनीकडे. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा एक छोटा उंचवटा हाताला लागेल. मनगट आणि बोटं वर उचलणारे स्नायू या उंचवट्यावर टेंडनने बांधलेले असतात. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी पांढरी, चिवट दोरी.

आता मूठ घट्ट आवळा आणि दुसऱ्या हाताने कोपराखालचा तो स्नायू चाचपा. तो टणक झालेला जाणवेल. बोटं मिटणारे स्नायू तळव्याच्या बाजूला आहेत, मग हे मागचे स्नायू का ताठले? कारण मूठ आवळताना मनगट आत दुमडू नये म्हणून ते मागून ओढून धरतात. म्हणजे आपण जेव्हा जेव्हा काही घट्ट पकडतो, मग ती बादली असो, कात्री असो, पाना असो की गाडीचं हँडल, तेव्हा तेव्हा हा स्नायू राबतो. टेनिस एल्बो हा पकडीचा आजार आहे, हे एवढं लक्षात ठेवलं तर पुढचे उपचार आपोआप समजतात.

निरोगी टेंडनमधले तंतू मागावर लावलेल्या ताण्याच्या धाग्यांसारखे सरळ आणि एका दिशेने असतात. त्यांची दुरुस्ती शरीर रोज करत असतं. पण रोजची झीज दुरुस्तीपेक्षा जास्त होऊ लागली की तंतूंचा गुंता होतो. या दुखण्याचं वैद्यकीय नाव लॅटरल एपिकॉन्डिलायटिस. त्यातल्या शेवटच्या 'आयटिस'चा अर्थ होतो दाह, सूज. पण अशा जुनाट टेंडनचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दाहाच्या पेशी फारशा दिसत नाहीत. दिसतात ते विस्कटलेले तंतू. सूज कमी करणाऱ्या औषधांनी हा आजार मुळापासून का जात नाही, याचं उत्तर इथे आहे. गुंता झालेला धागा सुजेच्या गोळीने सुटत नाही.

'विस्कटलेले' शब्दाने घाबरू नका. टेंडन जिवंत असतं. त्याला बेताचा, ठरावीक आणि हळूहळू वाढणारा ताण दिला की ते पुन्हा मजबूत होतं. फक्त त्याचं वेळापत्रक आठवड्यांचं असतं, दिवसांचं नाही.

घरच्या घरी ओळखायचा कसा?

दुखणं बहुधा हळूहळू सुरू होतं. कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर किंवा त्याच्या जरा खाली बोट ठेवलं की कळ येते, कधी ती मनगटापर्यंत उतरते. भरलेला चहाचा कप उचलताना, सांडशीने पातेलं उतरवताना, कपडे पिळताना, दाराची मूठ फिरवताना, हस्तांदोलन करताना दुखतं. पकड कमी झाल्यासारखी वाटते, हातातून वस्तू सुटते. हात नुसता ठेवला तर मात्र फारसा त्रास नसतो. कोपर पूर्ण वाकतं आणि सरळही होतं.

दोन सोप्या चाचण्या करून पाहा.

पहिली : कोपर सरळ ठेवून तळवा खाली करा, मनगट वर उचला आणि दुसऱ्या हाताने ते खाली दाबायचा प्रयत्न करा. मनगटाने विरोध करताना कोपराबाहेर कळ आली, तर टेनिस एल्बोची शक्यता बरीच आहे.

दुसरी : प्लास्टिकची हलकी खुर्ची पाठीला धरून, तळवा खाली आणि कोपर सरळ ठेवून उचला. मग कोपर वाकवून, तळवा वर करून तीच खुर्ची खालून उचला. पहिल्या वेळी दुखलं आणि दुसऱ्या वेळी फारसं नाही, असं झालं तर निदानही झालं आणि उपचाराचा पहिला धडाही मिळाला. वजन तेच, पण उचलण्याची पद्धत बदलली की दुखणं बदलतं.

कोपर दुखतंय, पण टेनिस एल्बो नाही

प्रत्येक कोपरदुखी टेनिस एल्बो नसते. पुढच्या गोष्टी असतील तर घरगुती प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवा.

• हाताला मुंग्या, बधिरपणा, मानेतून खाली उतरणारी कळ : मानेतली नस दबलेली असू शकते.
• करंगळीच्या बाजूला मुंग्या आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं : हा वेगळा आजार आहे.
• कोपर लाल, गरम, सुजलेलं, सोबत ताप : जंतुसंसर्ग किंवा गाऊट. त्याच दिवशी दाखवा.
• पडल्यावर किंवा मार लागल्यावर सुरू झालेलं दुखणं, कोपर सरळ न होणं : एक्स-रे हवा.
• सकाळी बोटांचे, मनगटांचे सांधे अर्धा-पाऊण तास आखडणं, दोन्ही बाजूंचे अनेक सांधे दुखणं : संधिवाताची तपासणी हवी.
• रात्री झोपेतून उठवणारं, विश्रांतीतही न थांबणारं, दिवसेंदिवस वाढणारं दुखणं.

आणि एक गोष्ट फिजिशियन म्हणून ठासून सांगतो. चालताना, जिना चढताना डावा हात भरून येतो, सोबत छातीवर दडपण, दम, घाम येतो आणि थांबल्यावर बरं वाटतं, तर ते कोपराचं नव्हे, हृदयाचं दुखणं असू शकतं. मधुमेही माणसांत छातीत न दुखता नुसता हात किंवा जबडाही दुखू शकतो. अशा वेळी मलम चोळत बसू नका, लगेच ईसीजी काढा.

तपासण्या किती लागतात?

सरळसाध्या टेनिस एल्बोला बहुधा एकही लागत नाही. डॉक्टरांचं बोट आणि वर सांगितलेल्या चाचण्या पुरतात. एक्स-रे बहुतेकदा नॉर्मल येतो. एमआरआयमध्ये चाळिशीनंतर काही ना काही बदल दिसतातच, कधी न दुखणाऱ्या कोपरातही दिसतात, आणि तो रिपोर्ट वाचून माणूस उगाच धास्तावतो. निदानाबद्दल शंका असेल किंवा कित्येक महिने उपचार करूनही फरक नसेल, तेव्हा सोनोग्राफी किंवा एमआरआयचा विचार करावा. साखर मात्र तपासून घ्या. अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हे अशाच कुठल्या तरी निमित्ताने कळतं.

इंजेक्शनची उचल

आता मुख्य मुद्दा. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने दुखणं थांबतं का? थांबतं. आणि झटकन थांबतं. म्हणून तर ते लोकप्रिय आहे. पण पुढे काय होतं, हे मोजून पाहिलेलं आहे.

२००२ साली 'लॅन्सेट'मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १८५ रुग्णांचे तीन गट केले : एकाला स्टेरॉइडची इंजेक्शनं, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला फक्त काळजी घ्यायला सांगून वाट पाहायला लावली. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांपैकी ९२ टक्के बरे होते. फिजिओथेरपीवाले ४७ टक्के आणि नुसती वाट पाहणारे ३२ टक्के. इथेच थांबलो असतो तर इंजेक्शनचा जयजयकार झाला असता. पण संशोधक वर्षभर थांबले. वर्षअखेर इंजेक्शनवाले ६९ टक्क्यांवर घसरले होते, फिजिओथेरपीवाले ९१ टक्क्यांवर पोहोचले होते आणि ज्यांनी विशेष काही केलंच नव्हतं ते ८३ टक्के.

नीट वाचा. वर्षाच्या शेवटी काहीच न करणारे लोक इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा बरे होते.

२०१३ साली अमेरिकेच्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला १६५ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात काहींना स्टेरॉइड आणि काहींना नुसतं सलाइनचं पाणी टोचलं. कुणाला काय दिलं हे रुग्णांना माहीत नव्हतं. वर्षभरात स्टेरॉइडवाल्यांपैकी ५४ टक्क्यांचं दुखणं उलटलं, पाणी टोचलेल्यांपैकी फक्त १२ टक्क्यांचं.

असं का व्हावं? एक कारण मला रोज दिसतं. दुखणं हा टेंडनचा आरडाओरडा असतो : आता पुरे, जरा थांब. इंजेक्शन त्याचं तोंड बंद करतं. माणूस दुसऱ्याच दिवशी पूर्वीच्याच जोराने कामाला लागतो आणि आतला गुंता वाढत जातो. दुसरं म्हणजे स्टेरॉइडमुळे टेंडन कमकुवत होऊ शकतं, विशेषतः पुन्हा पुन्हा टोचलं तर. टोचलेल्या जागी कातडी पांढरी पडू शकते, खालची चरबी झिजून खळगा पडू शकतो. मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते.

कमरेत दिलं जाणारं 'दुखण्याचं इंजेक्शन' आणि पुडीत बांधून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्या यांबद्दलही हेच. त्यात काय आहे, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचारा.

मग इंजेक्शन कधीच घेऊ नये का? असं मी म्हणत नाही. दुखण्याने झोप उडाली आहे, हात हलवणंच अशक्य झालं आहे, इतर उपाय पचत नाहीत, अशा एखाद्या रुग्णाला पुढचा धोका समजावून सांगून तज्ज्ञ डॉक्टर एखादं इंजेक्शन देऊ शकतात. पण तो पहिला उपाय नसावा, आणि "मागच्या वेळी गुण आला म्हणून पुन्हा" असा तर मुळीच नसावा.

'आराम करा' म्हणणं सोपं आहे

इथे आम्हा डॉक्टरांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. "सहा आठवडे हाताला आराम द्या" हे वाक्य चिठ्ठीवर लिहायला सोपं असतं. हजारी विड्यांवर ज्यांची मजुरी ठरते, मीटरवर किंवा नगावर ज्यांचा हिशेब होतो, त्यांना सहा आठवड्यांचा आराम म्हणजे सहा आठवड्यांचा उपास. घरातल्या बाईला तर रजाच नसते. असा सल्ला मिळाल्यावर माणूस इंजेक्शन मागणार नाही तर काय करणार?

चांगली बातमी अशी की पूर्ण आराम उपयोगाचाही नाही. हात गळ्यात बांधून ठेवला तर टेंडन आणखी अशक्त होतं. काम बंद करायचं नाही, काम करण्याची रीत बदलायची.

• वजन उचलताना तळवा वर, कोपर वाकलेलं आणि हात अंगाजवळ. हात लांब करून, तळवा खाली ठेवून काहीही उचलायचं नाही. पिशवीसुद्धा.
• बादली अर्धी भरा आणि दोन खेपा करा. शक्य तिथे बादलीऐवजी नळाला पाइप लावा.
• चादर, जीन्स, टॉवेल पिळायचे नाहीत. दोरीवर निथळत टाका. पिळणं अटळ असेल तर नळाला वेढा घालून दोन्ही हातांनी पिळा, किंवा दुसऱ्या टोकाला घरातल्या कुणाला तरी धरायला लावा.
• भाकरीचं पीठ गरम पाण्याने मळा आणि एका वेळी थोडंच मळा. मोठी ऑर्डर असेल तर मळणारी आणि थापणारी यांनी तासातासाने अदलाबदल करावी.
• कात्रीला धार लावून घ्या. बोथट कात्री म्हणजे प्रत्येक कापाला दुप्पट जोर. विडीच्या पानांसाठी वापरायच्या कात्रीलाही हेच लागू. सगळी पानं एका बैठकीत कापण्यापेक्षा थोडी कापा, थोड्या विड्या वळा, पुन्हा कापा.
• बारीक मुठीच्या अवजारांना कापड किंवा रबर गुंडाळून मूठ जाड करा. जाड मूठ धरायला कमी जोर लागतो.
• पकड सैल ठेवायला शिका. गाडीचं हँडल, पेन, मोबाइल आपण गरजेपेक्षा घट्ट धरतो.
• दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं हात मोकळा सोडा. दिवसभरात यात अर्धा तास जाईल, पण दुखण्यापायी पडणारे खाडे वाचतील.

कारखाना चालवणाऱ्या मालकांनाही सांगणं आहे. धार असलेली कात्री, कमरेच्या उंचीचं टेबल आणि कामांची आलटापालट या गोष्टींना फार पैसे लागत नाहीत. अनुभवी कटिंग मास्टरचा हात तीन महिने धरला तर होणारं नुकसान त्याहून मोठं असतं.

रोजचा पंधरा मिनिटांचा व्यायाम

खरं औषध हे आहे. नुसतं हात झटकणं किंवा चेंडू दाबत बसणं नव्हे. चेंडू दाबल्याने पकडीवर आणखी ताण येतो, सुरुवातीला तो टाळाच.

पहिले दोन आठवडे : हात टेबलावर ठेवा, तळवा खाली, मनगट टेबलाच्या काठाबाहेर. दुसऱ्या हाताने पंजाच्या मागच्या बाजूवर दाब द्या आणि मनगटाने विरोध करा, पण मनगट हलू देऊ नका. ३० सेकंद धरा, सोडा. असं पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ.

त्यानंतर : पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घ्या, सुरुवातीला अर्धीच भरलेली. हात तसाच टेबलावर ठेवा. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर उचला, मग मदत सोडा आणि मनात पाच अंक मोजत बाटली अगदी सावकाश खाली येऊ द्या. सावकाश खाली येणं हाच व्यायामाचा गाभा आहे. दहा-दहाचे तीन हप्ते, दिवसातून एकदा. त्रास न होता जमू लागलं की बाटलीत पाणी वाढवा, मग एक लिटरची बाटली घ्या.

त्यानंतर : कोरड्या नॅपकिनची गुंडाळी करून दोन्ही हातांनी हळूहळू पिळा आणि हळूहळू सोडा. ज्या कामाने दुखणं सुरू झालं, त्याच कामाची ही तालीम आहे.

रोज शेवटी : कोपर सरळ, तळवा खाली, दुसऱ्या हाताने पंजा हळूच खाली वाकवा. ओढ जाणवेल इतकंच. २० ते ३० सेकंद, तीन वेळा.

व्यायाम करताना थोडं दुखतं. किती चालेल? शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर तीन-चारपर्यंत चालेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर यायला हवं. नाही आलं, तर वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका. फरक जाणवायला साधारण सहा आठवडे लागतात, भरवसा वाटायला बारा. शक्य असेल तर एक-दोनदा फिजिओथेरपिस्टकडे जाऊन पद्धत नीट शिकून घ्या. खाजगी खर्च परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

पट्टा, मलम, शेक, मालिश

टेनिस एल्बोचा पट्टा काहींना कामाच्या वेळी चांगला आधार देतो. तो दुखऱ्या हाडावर नव्हे, त्याच्या दोन बोटं खाली, स्नायूच्या फुगीर भागावर बांधायचा. हात सुन्न पडेल इतका घट्ट नको आणि रात्री काढून ठेवायचा. डायक्लोफिनॅकचं मलम थोडे दिवस चालेल. त्याच औषधाच्या गोळ्या मात्र मनाने आठवडेच्या आठवडे घेऊ नका. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास, ॲसिडिटी असणाऱ्यांना त्या महागात पडतात. बर्फ किंवा गरम शेक, ज्याने बरं वाटेल ते दहा मिनिटं करा. हलका तेलाचा हात चालेल, पण दुखऱ्या जागेवर अंगठ्याने रगडणं आणि कोपराला झटके देणं टाळा.

अलीकडे स्वतःच्याच रक्तापासून बनवलेलं पीआरपी इंजेक्शन सुचवलं जातं. ते स्वस्त नाही. वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ साली कॉक्रेन या संस्थेने घेतला, तेव्हा खोट्या इंजेक्शनपेक्षा त्याचा ठळक फायदा दिसला नाही. दागिने गहाण ठेवून घेण्यासारखं त्यात काही नाही.

ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते. सहा महिने ते वर्षभर मनापासून उपचार करूनही हात कामाचा झाला नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांशी त्याबद्दल बोलावं.

सचिनला किती दिवस लागले?

ऑगस्ट २००४ मध्ये कोपर धरलं. मधल्या काळात तो खेळला, विश्रांती घेतली, पुन्हा खेळला. मे २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन झालं. ऑक्टोबर २००५ मध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा करून तो परतला आणि डिसेंबरमध्ये दिल्लीत त्याने ३५ वं कसोटी शतक ठोकून गावसकरांचा विक्रम मागे टाकला. म्हणजे दुखणं सुरू होऊन पुन्हा पूर्वीसारखी बॅट फिरेपर्यंत वर्ष उलटलं. जगातले उत्तम डॉक्टर आणि फिजिओ हाताशी असताना.

तुमचं कोपर सचिनच्या कोपराहून वेगळ्या मातीचं नाही. त्याला वर्ष लागलं, तर आपल्याला चार दिवसांत बरं व्हायचं कसं? दिलासा असा की बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. दहापैकी आठ-नऊ जणांचं दुखणं वर्षाच्या आत जातं, आणि हात नीट वापरला, व्यायाम केला तर त्याच्या कितीतरी आधी ते आटोक्यात येतं.

तेव्हा या आठवड्यात तीन गोष्टी करा. खुर्चीची चाचणी करून बघा. उद्यापासून तळवा वर करून वजन उचला. आणि अर्ध्या लिटरची रिकामी बाटली भंगारात देऊ नका, पुढच्या आठवड्यांत ती कामाला येणार आहे. घरात कुणाचं कोपर दुखत असेल, तर "कर ना जरा आराम" म्हणण्याऐवजी पाण्याच्या दिवशी बादली तुम्ही उचला आणि चादर तुम्ही वाळत घाला. चार-सहा आठवडे हे सगळं करूनही फरक पडला नाही, तर डॉक्टरांकडे जरूर जा. फक्त आत शिरताच इंजेक्शन मागू नका, आधी कोपर दाखवा.